सत्तावीस हजर

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजून घ्यावं. प्रत्यक्षात मी खुर्चीला उशी लावून बसले आहे, कारण क्रीडादिनाला पोत्यांच्या शर्यतीत शिक्षकांनीही उतरावं असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं आणि त्यांच्या मनात आलेलं माझ्या कमरेत जाऊन बसलं. तुमची नवी कवळी कशी आहे? ती बोलताना टकटक वाजते, म्हणून हल्ली मी कमी बोलते, असं तुम्ही लिहिलं होतंत. तुमच्या बंधूंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्या दंतवैद्याचा पत्ता मागितला (माझ्यासाठीच असणार, त्यांचे स्वतःचे दात ठणठणीत आहेत). गुडघ्यांना शेक देता ना? बंधूंची तब्येत उत्तम. निवृत्त झाल्यापासून ते घरातली चारही घड्याळं एका वेळेवर आणायच्या मागे लागले आहेत, आणि सध्या आमच्याकडे कुठल्याही क्षणी दोन तरी वेळा चालू असतात.

तुम्ही शाळेची खबरबात विचारलीत. ज्या शाळेत तुम्ही तीस वर्षं काढलीत आणि जाताना मला चिकटवून गेलात, तिची सहामाही नुकतीच संपली. बातम्या पुष्कळ आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसली (तीन वर्षांनी, पण आतून की बाहेरून यावर अजून चर्चा आहे). पाचवीने मागच्या अंगणात मुळे लावले. दुसरीची मुलं ते किती वाढले हे बघायला रोज उपटायची आणि परत खोचून ठेवायची, त्यामुळे मुळे जगात कुणाचे झाले नसतील इतके हाताळले गेले. पालकांनी श्रमदानातून मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवला. निळा रंग फार उरला, तो वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी दोन बेटं बुडवली. मुख्याध्यापकांनी नवा ध्वनिक्षेपक आणला आहे आणि तो आल्यापासून ते साधं बोलतच नाहीत, सूचना देतात. मुलं त्यांना 'सूचना' म्हणतात, आणि परवा घाईत मीही म्हणाले. हे सगळं आमच्या सहामाही वार्तापत्रात छापून आलं आहे. वार्तापत्राची संपादक मी, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. एक प्रत सोबत जोडली असती, पण का जोडली नाही ते पुढे येईलच. ते सांगण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं, आणि बघा, अजून मुळ्यांतच आहे.

तर वन्सं, तुमची हजेरी. तुम्ही हजेरी कशी घ्यायचात ते मला पक्कं आठवतं: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग चष्म्यावरून त्या मुलाकडे बघायचं, आणि काल नव्हतास का रे, बोट का बांधलंय, केस कुणी कापले, असं एकेकाचं पंचांग. दुसरा तास सुरू व्हायचा तरी तुम्ही 'म'पर्यंतच आलेल्या असायचात. शिक्षकखोलीत मी त्याची नक्कल करत असे. (चांगली करत असे. आता सांगून टाकते, कारण आज सगळंच सांगायचं आहे.) मला तिसरीचा वर्ग मिळाल्यावर मी त्यात सुधारणा केली. मुलांना क्रमांकाने बसवलं, आणि त्यांनी आपला क्रमांक आपणच म्हणायचा. एक हजर, दोन हजर, तीन हजर, अशी आगगाडी सुटली की मी मान खाली घालून हजेरीपटावर खुणा करत जायचं. अडतीस मुलं, चाळीस सेकंद. मध्ये कोणी गप्प राहिलं तर मी वर न बघताच "कोण झोपलंय?" असं ओरडायचं, आणि गाडी पुन्हा एकपासून. तपासणीला आलेल्या अधिकारीबाईंनी घड्याळ लावून बघितलं आणि बाकीच्या शिक्षकांना माझ्या वर्गाच्या दारात उभं करून प्रात्यक्षिक दाखवलं. त्या दिवशी मी घरी येऊन तुमच्या बंधूंना म्हटलं होतं, वन्संना हे कळवायला हवं. बरं झालं कळवलं नाही.

मग सहामाहीचा पालकमेळावा आला. पाहुणे म्हणून आमच्याच एका मुलाचे वडील बोलावले होते, अग्निशमन दलातले. ते शिरस्त्राणासकट आले, त्यामुळे मुख्याध्यापकांचं भाषण तीनशे मुलांपैकी एकानेही ऐकलं नाही. बक्षिसं सुरू झाली. अक्षर, वाचन, स्वच्छ नखं आणि शेवटी सहा महिन्यांत एकही दिवस न चुकलेल्या मुलांची बक्षिसं. माझ्या वर्गातून एकच नाव होतं, सत्तावीस क्रमांकाच्या मुलीचं. मुख्याध्यापकांनी ते ध्वनिक्षेपकावरून पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. रस्त्यापलीकडचा किराणावाला बाहेर येऊन बघू लागला, पण मुलगी काही उठेना. मी पालकांकडे बघून हसले, लाजते आहे हो, असं म्हटलं, आणि वर्गाच्या रांगेत शिरून तिच्या दंडाला धरलं. चल गं, लाजायचं काय त्यात, असं म्हणत तिला पायऱ्यांपर्यंत नेलं, वर चढवलं. पाहुण्यांनी तिच्या हातात कंपासपेटी दिली. टाळ्या झाल्या. छायाचित्र निघालं. आणि मग ती माझा पदर ओढून अगदी हळू म्हणाली, "बाई, मी एकोणीस."

हळूच म्हणाली होती ती, पण समोर ध्वनिक्षेपक होता. पहिल्या रांगेत तिचे आईवडील अर्धवट टाळी वाजवून थांबले होते. मी वर्गाकडे बघून विचारलं, मग सत्तावीस कुठेय? त्यावर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, ती तर शाळा सोडून गेली!" कधी? "कधीच!" पाहुण्यांनी कंपासपेटी परत घेतली, मग ती कुणाला द्यायची हे न कळून शिरस्त्राणात ठेवली. पालक हसले, शिक्षक हसले, मीसुद्धा हसले, वन्सं. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी हजेरीपट काढला. ती गेल्याला शाळेचे अठरा दिवस झाले होते आणि अठराही दिवस सत्तावीसपुढे माझ्या हातची हजर अशी खूण होती. मी चौकशी सुरू केली. आवाज चढवला, बाक आपटलं, खोटी हजेरी लावणं म्हणजे काय असतं यावर व्याख्यान दिलं. तेव्हा सत्तावीसच्या शेजारी बसणारी अठ्ठावीस उभी राहिली आणि रडायला लागली. पहिल्या दिवशी म्हणे सव्वीसपर्यंत गाडी आली, पुढे कुणी बोलेना, मी आता ओरडणार आणि सगळ्यांना परत एकपासून म्हणावं लागणार, म्हणून ती बारीक आवाजात सत्तावीस हजर म्हणाली आणि लगेच जाड आवाजात अठ्ठावीस हजर. आणि मग रोज का म्हणत होतीस, असं मी विचारलं. ती नाक पुसत म्हणाली, "म्हटलं की ती आहे असं वाटायचं." मी तिला खाली बस म्हटलं.

पण मी सहजासहजी हार मानणारी नाही हे तुम्ही जाणताच. मला कळवलंच नव्हतं, या मुद्द्यावर मी कार्यालयात गेले आणि कारकूनकाकांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे पान खाल्ल्यासारखा चेहरा करून वही उघडली. वडिलांची बदली, दाखला दिल्याची तारीख, वर्गशिक्षिकेला चिठ्ठी पाठवल्याची नोंद आणि त्यापुढे माझी सही, सगळं जागच्या जागी. मी वर्गात येऊन टेबलाचा खण उपसला. चिठ्ठी सापडली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वार्तापत्राचा मथळा लिहून बघितला होता, दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमलेला: 'आमच्या शाळेत प्रत्येक मूल नावानिशी ओळखलं जातं.' तोच छापला आहे. तीनशे प्रती, पहिल्या पानावर, जाड ठशात. सोबत प्रत का जोडली नाही ते आता कळलं असेल.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला गंमत म्हणूनच लिहिलं असतं. पण अठ्ठावीसने आणखी एक सांगितलं. शेवटच्या दिवशी ती मुलगी माझा निरोप घ्यायला टेबलाशी येऊन उभी राहिली होती. मी लिहीत होते (काय, ते तुम्हाला ठाऊक आहे). तिला मध्येच बोलायची सवय नव्हती, म्हणून ती माझं लिहून होण्याची वाट बघत राहिली. घंटा होईपर्यंत, म्हणे. मग मी वर न बघताच, जा, जागेवर बस, असं म्हटलं, आणि ती जागेवर जाऊन बसली. वन्सं, मला यातलं काहीही आठवत नाही. आठवत असतं तर निदान वाईट तरी नीट वाटून घेता आलं असतं. त्रास देणाऱ्या मुलांची नावं मला पाठ आहेत, त्यांच्या आयांची, मामांचीसुद्धा. ही शहाणी होती, वेळेवर यायची, वही पुरी करायची, म्हणून तिच्याकडे बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं. मला फार लाज वाटते. तुमच्या बंधूंना सांगितलं तर ते म्हणाले, अडतीस मुलांत होतं असं. ते मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले, पण त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढताना बोलले नाही.

आता मी नावाने हजेरी घेते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अकरा मिनिटं लागतात. परवा एका मुलाने आपलं नाव पुन्हा एकदा घ्या अशी विनंती केली, का तर छान वाटतं. अधिकारीबाईंना अजून कळलेलं नाही. मुख्याध्यापकांनी मला समज दिली, तीही ध्वनिक्षेपक बंद करून दिली, एवढे ते भले आहेत. अठरा खुणा लाल शाईने खोडून बाजूला सह्या केल्या. थोरल्यांनी माफ करायचं असतं म्हणून नकलेबद्दलही माफी मागते.

गुडघ्यांना जपा. कवळी रात्री पाण्यात ठेवा.

तुमची,
धाकटी

ता. क. ती गेली त्या दिवसापर्यंतचा पट मी एक एक घर बोट ठेवून तपासला. तिची एकही गैरहजेरी नव्हती. म्हणजे बक्षीस तिचंच आहे. कंपासपेटी या पत्रासोबत वेगळी बांधून पाठवते आहे. कारकूनकाकांनी दाखल्याची स्थळप्रत बघून सांगितलं की नवी शाळा म्हणजे तुमच्या गॅलरीसमोरचीच, जिच्या घंटेबद्दल तुमची तक्रार असते. शाळा सुटताना खाली उतरून एवढं तिला द्याल का? जिना सावकाश उतरा.

दुसरा ता. क. तिचं पूर्ण नाव पेटीत वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तुमच्या पद्धतीने पुकारा, वडिलांच्या नावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कवळी वाजली तर वाजू द्या. बाईंनी पाठवलं म्हणून सांगा. मी तिची आठवण काढते असंही सांगा. हे खोटं आहे असं तुम्हाला वाटेल, आणि तुम्ही आयुष्यात मुलांशी खोटं बोलला नाहीत, म्हणून खाली खरं काय ते लिहिते.

तिसरा ता. क. आठवण काढते, पण काढली की समोर काही येत नाही. पाच महिने ती तिसऱ्या रांगेत माझ्यासमोर बसली आणि मला तिचा चेहरा आठवत नाही. वर्गाचा फोटो वर्षाअखेरीस काढतात, त्यामुळे तोही नाही. अठ्ठावीसला विचारायची मला हिंमत होत नाही, तिच्यासमोर किती वेळा शरमेने मान खाली घालू? वन्सं, पत्र मुख्यतः याचसाठी लिहिलं, बाकीचं सगळं भोवती गुंडाळलेलं आहे. ती भेटली की मला सविस्तर कळवा, ती कशी दिसते. केस कसे आहेत, डोळे कसे आहेत, पुढचे दात आले का, नाव घेतल्यावर कशी बघते. घाई नाही. पण नीट बघून लिहा.