बेल्स क्रीकची साखळी आणि माझ्या आईचा दुसरा मुलगा

मी, ऑर्विल टायसन स्ट्रिकलंड, वय त्र्याहत्तर, राहणार बेल्स क्रीक, नॉर्थ कॅरोलायना, पूर्वीचा धंदा हॅडली कापड गिरणीत माग दुरुस्त करण्याचा, हल्लीचा धंदा श्वास घेण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाहीत ती फुप्फुसं, पण त्यांची सही कायद्याला लागत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही; दबाव आणण्याची ज्यांची छाती होती ते माझ्याआधीच गेले. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी उगाच सौम्य होतो.

कलम १. बँकेत आहे त्यात माझं दफन व्हावं, माझ्या बायकोच्या, व्हर्नाच्या शेजारी. काही उरलं तर ते पाद्रीबुवांना देऊ नये. व्हर्नाच्या वेळी ते इतकं लांबण लावत बसले की फुलं सुकली.

कलम २. माझा प्राणवायूचा सिलिंडर रिकामा झाल्यावर गिरणीमालकांचे नातू मिस्टर हॅडली यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवावा. त्यांच्या आजोबांच्या कापसाची धूळ मी छातीत भरून घरी आणली, त्याची ही परतफेड. गिरणी बंद पडली तेव्हा वर्तमानपत्रात त्यांनी म्हटलं होतं, "आम्ही सगळे एक कुटुंब होतो." मग कुटुंबाने सिलिंडर सांभाळावा.

कलम ३. पाने, पकडी, करवती, सगळी हत्यारं हायस्कूलच्या वर्कशॉपला द्यावीत. आमच्या बेसबॉल क्लबचे चेअरमन जिमी रे टेट यांना त्यातला एक स्क्रूही देऊ नये. पान्याने खिळा ठोकताना मी त्यांना पाहिलं आहे.

कलम ४. राहतं घर. हे देण्याआधी एका माणसाचा उल्लेख करणं भाग आहे. त्याचं नाव मी १९५१ पासून घेतलेलं नाही, इथेही घेणार नाही. तो माझ्या आईचा दुसरा मुलगा. आईला दोनच होते, त्यामुळे वकिलांचा घोटाळा होऊ नये.

एक्कावन्नच्या उन्हाळ्यात आम्ही गिरणीत संप केला. घरोघरी शेंगदाणे उकडून दिवस काढले, पण गेटसमोरची रांग हलली नाही. मग एका सकाळी माझ्या आईचा दुसरा मुलगा डबा हातात घेऊन रांगेतून सरळ गेटकडे निघाला. मी त्याची बाही धरली.

"कुठे निघालास?"

"सोड, ऑर्व्ही. मुलीला दूध नाही घरात."

"दूध काय एकट्या तुझ्याच पोरीला लागतं? ही मागे उभी आहेत त्यांची पोरं काय हवा पितात?"

त्याने बाही सोडवली आणि आत गेला. त्याच्या मागून आणखी गेले, आणि आठवडाभरात संप मोडला. आम्हाला गिरणीच्या मालकीच्या घरातून भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर काढलं. व्हर्ना भर पावसात, रस्त्यावर आणून टाकलेल्या लोखंडी चुलीजवळ उभी होती. ते मी विसरलेलो नाही, आणि मेल्यावर विसरेन असंही कुणी समजू नये.

तर हे घर, जे पुढे मी आणि व्हर्नाने स्वतः बांधलं, ते लोरीनला द्यावं. लोरीन म्हणजे तीच दुधाची पोर. गेट तिने ओलांडलं नव्हतं, तिला तेव्हा रांगताही येत नव्हतं. आता दर गुरुवारी मला कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, आणून देते आणि बापाचं नाव काढत नाही, एवढी तिला अक्कल आहे. पोर्चची तिसरी पायरी कुजली आहे, ती बदलून घ्यावी.

कलम ५. साखळी. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आमच्या मैदानावर मोसमातला पहिला सामना होतो. त्याआधी संघाचा सगळ्यांत जुना जिवंत खेळाडू हातात चेंडू घेतो आणि दुसऱ्याकडे फेकतो, दुसरा तिसऱ्याकडे, असं करत चेंडू यंदाच्या नव्या पोराच्या हातात पोहोचतो आणि त्याच चेंडूने सामना सुरू होतो. नियम एकच. ज्याच्याबरोबर तुम्ही खरोखर एका संघातून सामना खेळलात, त्याच्याकडेच फेकायचा. माझ्या बापाच्या लहानपणापासून हे चालू आहे आणि महायुद्धातही थांबलं नाही. आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात माणसं दाढीला बसली की कुणीतरी दोन नावं टाकतो, एक आजोबांच्या काळातलं, एक आजचं, आणि साबण वाळेपर्यंत ती जोडून दाखवावी लागतात. इथल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण कोण कुणाबरोबर खेळला ते पाठ असतं.

आज सगळ्यांत जुना लूथर बीम, वय एक्क्याण्णव. तो माझ्याकडे फेकतो. मी जिमी रेकडे. लूथरबरोबर खेळलेला आणि जिमी रेबरोबरही खेळलेला असा मी एकटाच उरलो आहे, असं क्लबचं म्हणणं. मी गेलो की साखळी तुटते.

गेल्या महिन्यात जिमी रे माझी तब्येत बघायला आले. म्हणजे किती दिवस उरलेत ते बघायला आले.

"ऑर्विलकाका, कमिटीने तोड काढलीय. मी लहान असताना लूथरकाका मला सरावाला चेंडू टाकायचे. तेच धरू आपण. ते डायरेक्ट माझ्याकडेच फेकतील."

"सामना खेळलास का त्यांच्याबरोबर?"

"तसं नाही, पण कोण बघायला जातंय?"

"मी बघतोय ना, गाढवा!" मी ओरडलो, आणि पुढची दहा मिनिटं खोकलो.

खोटी कडी घातलेली साखळी ही साखळी नव्हे. तिच्यापेक्षा तुटलेली बरी. आणि तुटलीच पाहिजे असंही नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त बोलत कुणी नाही. माझ्या आईचा दुसरा मुलगा १९३७ पासून या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. लूथरबरोबर खेळला, जिमी रेबरोबर खेळला. संपानंतर क्लबने त्याचं नाव पुसलं. पुसा म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो होतो, आणि आजही ओरडेन. माणूस म्हणून तो माझ्या लेखी शून्य आहे. पण तो खेळलाच नाही असं मला म्हणता येत नाही, कारण कॅचर मी होतो, त्याचा प्रत्येक चेंडू मी झेलला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत ती त्याच्यामुळेच. ती पुसता येत नाहीत.

म्हणून मी गेल्यावर लूथरने चेंडू त्याच्याकडे फेकावा. त्याने तो जिमी रेकडे फेकावा. तो दरवर्षी उजवीकडच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघतो, आपण कुणाला दिसत नाही असं त्याला वाटतं. त्याला फाटक उघडून द्यावं. कुणी टाळ्या वाजवू नयेत. कुणी हस्तांदोलन करू नये. जिमी रेंनी भाषण करू नये, नाहीतर मी कबरीतून उठेन.

कलम ६. माझा कॅचरचा जाड हातमोजा क्लबला देत आहे. साखळीपुरता तो त्याच्या हातात घालावा, कारण त्याची नजर आता अधू आहे आणि लूथरचा नेम कुणीकडेही जातो. चेंडू पुढे गेला की काढून घ्यावा. त्याला कायमचा देऊ नये.

सहीपूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून शेजारच्या ओडेल क्रम्पबाईंना बोलावलं होतं, आणि त्यांच्याच हाती माझ्या आईच्या दुसऱ्या मुलालाही निरोप धाडला होता. तो आता आला आहे. कुजक्या पायरीपर्यंत येताना दोनदा थांबला. धापा माझ्यासारख्याच टाकतो. गिरणीने त्यालाही काही सूट दिलेली दिसत नाही.

"अजून मेला नाहीस, ऑर्व्ही?"

"तुझी सही व्हायचीय."

"मला काय ठेवलंयस?"

"काही नाही."

"मग कशाला बोलावलंस मरायला?"

"काही ठेवलं असतं तर तुझी सही चालली नसती. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. वकिलाला विचार."

यावर क्रम्पबाई रडायला लागल्या. त्यांना मी स्वयंपाकघरात पाठवलं. त्याने मजकूर वाचायला मागितला, मी दिला. चष्मा लावून, ओठ हलवत, पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. मग टेबलावरच्या हातमोज्यात अंगठा घालून बघितला.

"कातडं पार वाळलंय रे. याने चेंडू झेलायचा म्हणजे हातातून निसटेल. तेल लाव याला."

"मला खोकल्यातून वेळ नाही. तूच लाव. पण परत आणून दे."

हातमोजा त्याने काखेत मारला आहे. साक्षीदाराचं पूर्ण नाव आणि ओळख मृत्युपत्र करणाऱ्याने लिहावी असं वकिलांनी सांगितलं आहे, म्हणून नाइलाजाने लिहितो.

मृत्युपत्र करणार: ऑर्विल टायसन स्ट्रिकलंड (सही)
स्थळ: बेल्स क्रीक. तारीख: १४ मार्च १९८९

आम्हा दोघांसमक्ष त्याने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार पहिली: ओडेल क्रम्प, शेजारीण (सही)

साक्षीदार दुसरा: डॉयल मेसन स्ट्रिकलंड, पिचर, बेल्स क्रीक संघ, १९३७ ते १९५१ (सही)