नऊ फिके स्फोट

सोम., २ फेब्रु.
पुढच्या सोमवारी पुण्याला प्रबंधाचं सादरीकरण. दावा साधा: श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेले छोटे तारे, फुटतात सगळे सारखेच. स्फोट एका अंगाला कललेला असतो, आपण कुठल्या बाजूने पाहतो त्यावर उजेड कमी-जास्त. आलेख इतका देखणा आलाय की धाकधूक होते. तीनदा चहा.

मंगळ., ३
गाइड सरांचा फोन. "मूळ यादीतले नऊ स्फोट कुठे गेले?" म्हटलं, खराब होते. "खराब म्हणजे नेमकं काय?" बघून सांगते, म्हटलं.

बुध., ४
दोन वर्षांपूर्वीची वही सापडली. माझंच अक्षर: "फिके, लवकर विझणारे. बसत नाहीत. काढले." दुर्बीण ठीक, आकाश स्वच्छ, मधे धूळही नाही. माझ्या आलेखात बसत नव्हते, एवढंच. लाज वाटली.

गुरु., ५
आईचा डबा घेऊन पिंपळगावला, पॅकहाउसवर. द्राक्षं निवडायच्या टेबलावर ती पंधरा वर्षं आहे. शाळेच्या सुट्टीत मीही बसायचे. शेजारी रंग ताडून बघायचं कार्ड, फिका मणी दिसला की कात्री. विचार करायचा नाही, हात चालवायचा. आज तिथे उभ्या उभ्या कळलं, ते नऊ मी असेच कातरले.
आईला सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "आगं, गिऱ्हाइकाला नको म्हणून काढतो आम्ही. वेलीला आलेच नाय, असं कुठं म्हणतो?"
तिच्यावरच चिडले. बसमध्ये रडू आलं.

शनि., ७
नऊही परत घातले. आलेख मोडला. कुठल्याही बाजूने पाहिले तरी ते फिकेच. म्हणजे मुळातच वेगळे फुटले? कमी वस्तुमानाचे? की दोन बटू एकमेकांवर आदळून? ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणं सहन होत नाही.
सर म्हणाले, "आत्ता जुनाच आलेख दाखव. नऊंचं पुढच्या पेपरात बघू." मायेनेच म्हणाले. मला पदवी हवीय. पाच वर्षं झाली. खूप हवीय.

रवि., ८
गच्चीवर फेऱ्या. जेवण नको झालंय. आई: "काय ते एकदाचं ठरव, बाई."

सोम., ९. सकाळ
पुण्याच्या बसमध्ये, लॅपटॉप मांडीवर. सिन्नर गेलं. पहिल्या पानावर लिहिलंय, "अभ्यासलेले एकूण स्फोट:". नऊ धरून की सोडून? पुढे आकडा अजून घातलेला नाही.