त्या पहाटे धुकं नव्हतं

प्रिय छोट्या,

पाकिटात एक फोटो आहे, तो आधी बघू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, पाकीट नीट फोडायच्या आधीच तू आत डोकावतोस. ठेव तो बाजूला, आधी मी काय म्हणते ते वाच.

बाबांच्या डोळ्यांचं मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं. फोन स्टुडिओत, आणि ते शेजारच्या खुर्चीत कान टवकारून बसलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा डोळा जवळजवळ गेलाच आहे, डावा वाचवायचा तर ऑपरेशन लगेच करा, पुढे ढकलू नका. बाबांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, त्या पोरीला काय कळतंय, तिच्या बापाच्या लग्नाचे फोटो मी काढलेत! मी त्यांचं डोकं खाल्लं. खाऊन खाऊन शेवटी त्यांनीच पैज लावली. डोंगरावर जाऊ, सूर्योदय काढतो, जुन्या कॅमेऱ्याने, फोकस हाताने. (आपोआप होणाऱ्या फोकसला ते अजून आळशी माणसाचा चष्माच म्हणतात.) फोटो खणखणीत आला तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही, नाही आला तर तू नेशील तिथे मुकाट्याने येतो. मला वाटलं, जिंकलेच मी. फोटो खणखणीत आहे की नाही हे बघणार कोण, एवढं ठरवायचं तेवढं राहून गेलं.

रात्री डोंगराखालच्या विश्रामगृहात राहिलो. माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा कॅमेऱ्याची बॅग उशाशी घेऊन खुशाल घोरत होते. पहाटे अंधारात वर निघालो, ते पुढे, मी मागे. हात धरू देतील तर शपथ! म्हणे, ही वाट मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. कड्यापाशी त्यांनी स्टँड उभा केला. त्याचा पाय दगडावर टेकलाय की हवेत आहे, हे ते वाकून हाताने चाचपत होते आणि इथे माझा जीव मुठीत. मी मागून त्यांच्या स्वेटरचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांना कळलं असणार, पण त्यांनी ते ओढून घेतलं नाही.

आणि सकाळ काय होती रे! आभाळ अगदी स्वच्छ. खालचं तळं, पलीकडची झाडांची रांग, काठावरच्या घराच्या खिडक्यासुद्धा मला तिथून मोजता आल्या असत्या. बाबा कॅमेऱ्याला डोळा लावून फोकसचं कडं फिरवत राहिले, पुढे, मागे, परत पुढे. सूर्य वर आला, चांगला वर आला, तरी बटण दाबेनात. मला विचारतील तर ते बाबा कसले? शेवटी ऊन त्यांच्या गालावर आलं, ते त्यांना लागलं, आणि तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं. मी पाठ फिरवून थर्मासमधला चहा ओतत बसले. मला रडू आवरत नव्हतं.

फोटो धुऊन आला तेव्हा बाबांनी तो नाकाला टेकवून बघितला, मग भिंगातून बघितला, आणि म्हणाले, बघ, पान न् पान मोजून घे! मी भिंग उचलून जागेवर ठेवलं. त्यांनी तो मोठा करून, फ्रेम करून स्टुडिओच्या काचेत लावला. आता शेजारचा न्हावी, समोरची शिंपीणबाई, पासपोर्टच्या फोटोला येणारी गिऱ्हाइकं, जो तो तोंड भरून कौतुक करतोय, काय सुंदर धुकं पकडलंय हो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा हसले. नंतर हसेनात. परवा जेवताना घास हातातच ठेवून त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी धुकं होतं का गं? छोट्या, एवढ्या बारीक आवाजात त्यांनी मला कधीच काही विचारलेलं नाही. माझी जीभ कशी वळली कोण जाणे, मी म्हणाले, हो बाबा, होतं की थोडं. मग त्यांनी आणखी भात घेतला.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. एकेक दिवस जातोय आणि तो डोळा जातोय, आणि पैज तेच जिंकलेत, तेही माझ्याच साक्षीने. परवाच जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, एक प्रत छोट्याला पाठव, तो पेपरात फोटो काढतो, त्याला कळतं. रविवारी ते तुला फोन करून विचारणार आहेत, म्हणून हे पत्र. तू शाळेत असताना तुझे फोटो ते कसे बघायचे, आठवतंय ना? तू कितीही आशेने उभा असलास तरी, फोकस गेला, परत काढ, एवढंच. तू माडीवर जाऊन रडायचास आणि दुसऱ्या दिवशी परत काढायचास. आता बघ तो फोटो. आणि त्यांना तसंच सांग, बाबा, फोकस गेला, परत काढू, डोळ्याचं झालं की मी येतो स्टँड धरायला. चिडतील, फोन आपटतील, पण तुझं ऐकतील. आणि धुक्याचं विचारलं, तर मला सांभाळून घेऊ नकोस. नव्हतं म्हणून सांग.

तुझीच भित्री,
ताई