टोपीआजोबा सांगतील तिथं बघ

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्यामुळं घोटाळा. यांच्या केबलवरच्या कार्यक्रमात वाढदिवसाच्या मुलांना गिफ्ट घरात कुठं लपवलंय ते सांगतात. जागा आईबाप मला फोनवर कळवतात, मी चिठ्ठ्या लिहिते. या वेळी दोन चिठ्ठ्यांवर जागांची अदलाबदल झाली. फ्लॅटमधली निकिता गोठा शोधत बसली, आणि वस्तीवरच्या कल्याणच्या आईचा फोन – "अवो बाई, पोरानं पिठाचा डबा पालथा केला. लई राडा झालाय."

हे म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुझं?" झालं, दिवसभराचं बोलणं संपलं.

१० फेब्रुवारी

बाजारात पोरं यांच्यामागे. टोपीआजोबा, टोपीआजोबा! अख्ख्या राहुरीच्या पोरांशी वाकून बोलतात. घरी आले की टोपी खुंटीला आणि तोंडाला कुलूप.

१२ फेब्रुवारी

मोनिकाचा फोन. हे अंघोळीला गेले की करते. रविवारी तिचा ओम चार वर्षांचा होईल. अकोल्यात आपली केबल दिसत नाही, पण तो मोबाईलवर दर रविवारी बघतो. "मम्मी, तो विचारतो टोपीआजोबा माझं नाव का घेत नाहीत. त्याचेच आजोबा आहेत हे मी सांगितलेलं नाही. काय सांगू?"

गिफ्ट कुठं लपवतेस, विचारलं. म्हणाली, "आधी नाव तर घेऊ देत."

तिनं गोरक्षशी लग्न केल्यापासून यांनी लेकीचं नाव उच्चारलेलं नाही. आम्ही ख्रिस्ती, मुलगा हिंदू, आणि आम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर हे हो म्हणाले असते का? मग पोरीनं काय करायचं होतं?

मी चिठ्ठी लिहिली. ओम गोरक्ष, अकोले. जागा कोरी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शूटिंग. हे चिठ्ठ्या आधी बघत नाहीत, कॅमेऱ्यापुढंच उघडतात. ओमची मी मधे घातली होती. ग्रेसचं गिफ्ट कपाटामागे, ते सांगून झालं. मग ओमची उघडली. वाचली. घडी घालून खिशात टाकली आणि पुढच्या पोराचं नाव घेतलं – चेहरा तसाच हसरा.

केबलवाल्या रामहरीनं विचारलं, "सर, एक राह्यली का?"

"तिच्यावर जागा नव्हती."

लोकांच्या पोरांचे आजोबा! इतका संताप आला की स्वयंपाक केला नाही. यांनी शेव-मुरमुरे खाल्ले. तक्रार नाही.

१५ फेब्रुवारी

मी अबोला धरलाय. यांना कळलेला नाही, फरकच पडत नाही. दाढी करून येतो म्हणून गेले, जेवायच्या वेळी उगवले. दाढी तशीच. मी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या एसटीनं गेले. संगमनेरच्या चर्चमध्ये बोलावलंय म्हणे. मी एकटीनं कार्यक्रम लावला. शेवटच्या पोराला गिफ्ट सांगून झालं आणि हे पुन्हा दिसले, कालच्याच वाढलेल्या दाढीत. "ओम गोरक्ष, अकोले. आई मोनिका. तुझं गिफ्ट दाराबाहेर आहे, बघ."

मोनिका म्हणाले. मी टीव्हीपुढं उभीच राहिले.

तेवढ्यात तिचा फोन. नुसती रडतेय. मागून ओमचा आवाज – "टोपीआजोबा, पन गिफ्ट कुठंय?" हे रिकाम्या हातानं गेले होते. मग यांचा आवाज, अगदी हळू:

"मोनिका, इथं खेळण्यांचं दुकान कुठं आहे गं?"