डावीकडची खिडकी

कोची, रविवार

तीर्थरूप बाबांस ऋजुताचा नमस्कार.

मी नीट पोचले. ऑफिस बरं आहे. इथे पोहे मिळतात, पण वर शेव घालत नाहीत.

तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून बजावलं होतं की इंदूरहून मुंबईला जाताना आपलं धार गाव उजवीकडे येतं, तीच खिडकी घे. मी मुद्दाम डावीकडची घेतली. गच्चीवरून तुम्ही चमकवलेलं स्टीलचं ताट दिसलं असतं, तर मुंबईहून पुढचं विमान धरवलं नसतं.

शेजारचे उमाशंकरभिया फोनवर म्हणाले, तुम्ही अर्धा तास उन्हात उभे होतात. डोक्यावर टोपी होती ना? गुडघा कसा आहे?

दिवाळीचं तिकीट काढलंय. खिडकी पुन्हा डावीकडचीच आहे. परतताना धार त्याच बाजूला येतं.

ताट घासून ठेवा.

तुमची,
ऋजुता