उलट्या हाताचा कोबा

२१ एप्रिल १९७४, रविवार
आलो एकदाचे अनसिंगले! ही वही मास्तरांनी देली. मास्तर म्हणजे माहा नवरा, सारं गाव त्याले मास्तर म्हणते, मग मीच काहून वेगळी? म्हणे, विजयमाला, मॅट्रिक झाली, अक्षर गंजू देऊ नको, रोज लिहीत जा. मी म्हटलं लिहीन, पण बोलते तशीच लिहीन. शाळेतली भाषा तुमच्या पोरांले शिकवा.

घर उकंडरावांचं, ते वाशीमले राह्यतात. आपल्याले घर देताना लोकं आधी आडनाव इचारतात, मग घर पाहुण्याले देलं म्हणतात. यांनी आडनावही नाई इचारलं. किल्ली हातात टेकवली न म्हणे, खुशाल राहा, काय पाडायचं, काय बांधायचं ते करा. असा मालक दिवा घेऊन शोधला तरी भेटणार नाई. दोन खोल्या, परसात कडुलिंब आणि मागं चक्क वेगळं जेवणघर! अकोल्यात चुलीपाशी ताट न ताटापाशीच अंथरूण होतं आमचं. आज मी त्या रिकाम्या खोलीत पाय पसरून बसली आणि उगाच हसली.

२३ एप्रिल
जेवणघर नीट पायलं. लांबीले दहा हात. एकच दार, छपराखाली हातभर झरोका, मातीची भुई. माहं ठरलं. भुई खणायची, सिमिटचा तांबडा कोबा करायचा, भिंतीले नीळ घालून चुना, दाराले जुन्या लुगड्याचा पडदा, बसाले हिरवे पाट. सारं माह्या हातानं. गवंड्याची पोरगी गवंडी लावीन काय!

सहा तारखेले बुद्धपौर्णिमा, त्या दिवशी बाबा येणार. माह्या बापानं, रामराव गवंड्यानं, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कोबे घोटले. घोटून वाळला की त्या कोब्यावर त्याले पाय ठेवू देत नसत. उंबऱ्याबाहेर पत्रावळ. मी लहानपणी त्याच्यासोबत त्या पत्रावळीवर बसली हाय, मले चव अजून आठवते. माह्या कोब्यावर माहा बाप पाटावर बसून जेवीन. बस, येवढंच पायजे मले.

एक गंमत. बाई सारवते तवा पलीकडच्या भिंतीपासून धरते आणि मागं मागं सरकत दाराबाहेर निघते. इथं हाताचे फराटे उलटे. दारापासून सुरू, पार आतल्या कोपऱ्यात संपलेले. सारवणारी बाहेर कशी निघाली? उडून?

२८ एप्रिल
मास्तर मॅट्रिकचे पेपर तपासाले अमरावतीले गेले, नऊ तारखेले येतील. परमिटचं सिमिट त्यांनी जायच्या आधी मिळवलं, हे नशीबच.

आज भुई खणली. पोपडे निघतात, सारवणावर सारवण. प्रत्येक थराचे फराटे उलटेच. आणि आतल्या कोपऱ्यात भुई पाटायेवढी खोलगट, गुळगुळीत, जशी कोणी वर्षानुवर्षं तिथंच बसली असावी. मुरूम टाकून बुजवली. भुई ठोकाले धुम्मस मारून मारून हात सोलले, पण मजा आली.

१ मे
बाबाचं कार्ड आलं. माणूस निरक्षर, पण लिहवून घेतलेलं कार्डही त्याच्यासारखंच हुकूम सोडते. कोपऱ्यातून धर, दाराकडं निघ. ओल्या कोब्यावर कोणाचा पाय पडू देऊ नको, मीही देत नाई. झालं की बाहेरून कडी घाल, कोंबड्या शिरतात.

शेजारच्या रंगूबाईले उलट्या फराट्याचं इचारलं. म्हातारी बोलाले लागली तं थांबेना. उकंडरावांची सून होती, वच्छला. या घरात तिले सासू मारे, नवरा मारे. पण ओल्या भुईवर पाय देऊ नये हे सारेच पाळत. म्हणून ती दारापासून सारवत आत जाय न कोपऱ्यात बसून राहे. भुई वाळेपर्यंत तिच्यापर्यंत कोणी येत नसे. तेवढाच तिचा इसावा. कधीकधी दिवसाले दोनदा सारवे.

मग नवऱ्याच्या ध्यानात आलं. म्हणे बस तिथंच. बाहेरून कडी घातली न सारे पोहरादेवीच्या जत्रेले गेले. तीन दिवसांनी दार उघडलं. रंगूबाई तिथंच उभी होती. भुई अजून ओली. कोपऱ्यात कोणी नाई, न भुईवर बाहेर निघायचं एक पाऊल नाई. घरच्यांनी पळाली म्हणून सांगितलं.

भुताखेताले आमी मानत नाई, पण असल्या माणसांले काय म्हणावं? रंगूबाई सांगे, बाई, कोबा राहू दे. मी म्हटलं, आता तं करणारच.

३ मे
काल खालचा थर टाकला. कोपऱ्यातून धरला, दाराशी संपवला, कडी घातली. सकाळी उघडलं तं थरावर पाच बोटांचे फराटे. दारापासून आत. उलटे.

कुत्र्यामांजराले पाच बोटं नसतात. रंगूबाईच्या दारात जाऊन भांडली, तिनंच मले भेव दाखवाले केलं असन म्हणून. ती तं कालपासूनच इंझोरीले, लेकीकडं. परवा रात्रीपर्यंत येते म्हणून निरोप ठेवून गेली. रिकाम्या घरावर तोंड टाकून परत आली, स्वतःचीच लाज वाटली.

फराटे लाकडी रंधा फिरवून मोडले. हात बर्फासारखे गार पडले, बाहेर एवढं ऊन असून.

४ मे
वही न पेन्सिल कंबरेले खोसली होती, मापं टिपाले. म्हणून लिहिता येऊन राह्यलं.

सकाळी वरचा तांबडा थर घेतला. मी कोपऱ्यातून धरला. मले पक्कं आठवते. पाठ दाराकडं, तोंड भिंतीकडं. घमेलं सरकवत, घोटत मागं आली. घाम पुसाले मान वर केली तं समोर दार, लोटलेलं. दहा हात दूर. मधात सारा ओला कोबा, आरशावाणी. माही पाठ कोपऱ्याले.

हसूच आलं आधी. गवंड्याची पोरगी न कोपऱ्यात अडकली! बाबानं पायलं तं मारीन मले. ठीक हाय. दोन वर्षांचा पोरही बसून राहू शकते. संध्याकाळपर्यंत आवळते कोबा. पाय देऊन खराब नाई करणार.

४ मे, ऊन उतरताना
बोट लावून पायलं. सकाळइतकाच ओला.

बसली हाय तिथं भुई खोलगट हाय. मी बुजवली होती ती.

५ मे
उजाडलं. ओलाच.

गेला खड्ड्यात कोबा म्हणून पाय टाकला. बोटभर थर हाय, मीच टाकला. पाय घोट्यापर्यंत गेला. मग पोटरी. मग गुडघा. खाली भुई नाई. ओढून ओढून काढला. पायाले सिमिटचा ठिपका नाई, न कोब्यावर खड्डा नाई. पुन्हा सपाट.

ओरडली. लय ओरडली. झरोक्यातून रस्त्यावरची बैलगाडी ऐकू येते, घुंगरू न घुंगरू. गाडीवाल्याले मी नाई येत ऐकू.

तहान.

दुपार
दार दूर जाऊन राह्यलं. हात समोर धरून मोजलं मी, एक डोळा झाकून — दहा हात नाई. लय जास्त.

कोपऱ्यात मी एकटी नाई. पाहत नाई तिकडं. डावीकडं. ती जराशी सरकली — मले जागा करून देली. जशी जत्रेत बाई बाईले देते.

तिले वाटते मीही लपालेच आली. वच्छला, मले नाई कोणी मारत वं. मले जाऊ दे. माहा बाप येणार हाय —

ती सांगते, हळू. इथं कोणी येत नाई. भिऊ नको. इथं कोणी येत नाई.

६ मे
बाबा! ओसरीवर. त्याचा खोकला. रंगूबाई सांगून राह्यली, रातीच आली मी, पोरगी तवापासून दिसली नाई —

दार ढकललं. उंबऱ्यावर बाबा. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. मी समोर. ओरडून राह्यली. तो माह्याकडंच पाहते — माह्यातून पाहते. कोबा पाहते. वाकला. कडेले बोट लावलं. डोळे भरले त्याचे. रंगूबाईले म्हणे, माह्याहून साजरा हात हाय पोरीचा. माह्याहून —

ये ना बाबा. पाय दे. मोडू दे. तुह्यासाठीच केला —

चपला काढल्या त्यानं. एक पाय उचलला —

ठेवला नाई. मागं घेतला. म्हणे नाई, ओला हाय. चाळीस वर्षं नाई देला पाय, पोरीच्याच कोब्यावर देऊ काय. ती आली की पाट मांडीन, मग बसतो.

हसला. म्हणे कोंबड्या शिरतील.

दार ओढून राह्यला. बाबा कडी नको — बाबा, क —