गोलात उभी

२ नोव्हेंबर २००६, गुरुवार. रास तनुरा, सौदी
क्लिनिकात नर्सची रात्रपाळी करून आले, जेमतेम डोळा लागला तोच उठले. पुन्हा तेल कंपनीच्या त्याच कंपाउंडमध्ये, पण खेळायला. काळ्या पायघोळ अबायाखाली ट्रॅकपँट, पिशवीत हातमोजे. गेटवरचा गार्ड मला रोज क्लिनिकला जाताना बघतो, तरी गुरुवारी विचारतोच, "ड्यूटी?" ड्यूटी नाही म्हटलं की कॅप्टन डेबीने येऊन सही करायची, मग आत. आतल्या अमेरिकन बायकांची ही फुटबॉल लीग. डेबीच्या टीमला गोलकीपर मिळेना. चिपळूणला शाळेत कबड्डी खेळायचे एवढं तोंडातून निसटलं, तेच भोवलं.
हरलो. अंग ठणकतंय.

१६ नोव्हें., गुरु.
शोभा करून घेतली. समोरची उंच पोरगी बॉल घेऊन अंगावर आली आणि मी बॉल सोडून तिचा घोटाच धरला. अशी पकड की सुटायचं नाव नाही! ती आडवी. शिट्टी, पिवळं कार्ड, पेनल्टी, गोल. डेबी हसून हसून खाली बसली. "सुनीता, द बॉल! ओन्ली द बॉल!"
मुक्ता बघायला आली होती. बसमध्ये माझ्यापासून लांब बसली. घरी आल्यावर, "आई, सो एम्बॅरसिंग! सब देख रहे थे."
बघू देत. चौदा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटायचीच. मला मात्र बरं वाटलं. पकड अजून शाबूत आहे.

३० नोव्हें.
यांची बदली. यान्बूच्या रिफायनरीत, पार दुसऱ्या किनाऱ्याला, मार्चपासून. बढती, कंपनीचं घर. जेवताना सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.
"तुझी नोकरी सुटेल. पण तशीही थकलीच आहेस ना तू?"
हो. थकलेय. खोटं नाही.
"अहो, तिथे बायकांना खेळायला मैदान असेल?" विचारलं. हसले. थट्टा वाटली त्यांना.

१४ डिसें., गुरु.
आठवडाभर क्लिनिकात हजला जाणाऱ्यांची गर्दी. लशी टोचून टोचून खांदा भरून आलाय. तशीच गेले. जिंकलो. एक बॉल पोटावर घेतला, अजून दुखतंय.
गोलात उभी असते तेव्हा कुणी सिस्टर म्हणून हाक मारत नाही. पाणी दे, पट्टी बदल, डबा भर, काही नाही. बॉल येईल तेवढा अडवायचा. एवढंच सुख. ते सोडवत नाही.

११ जाने. २००७, गुरु.
फायनलला पोचलो!
घरी आले तर हे तिकिटं घेऊन बसलेले. पुढच्या गुरुवारी यान्बूला घर बघायला जायचं, दोघांनी.
"त्या दिवशी मॅच आहे."
"अगं, त्यांची लीग ती. त्या बघतील दुसरं कुणी."
"नाही बघणार."
भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं. एकटे जाणार आहेत.
माझा इकामा, इथे राहायचा परवाना, क्लिनिकचा आहे, यांच्या नावावर नाही. मुक्ताची शाळा इकडचीच. मी इथे राहू शकते. हे अजून बोलले नाही कुणाशी.

१८ जाने., गुरु.
सकाळी यान्बूहून फोन. "घर झकास आहे. स्वयंपाकघर मोठं, खिडकीतून समुद्र दिसतो. कंपनीचा माणूस समोरच उभा आहे. हो म्हणू?"
"मॅच झाल्यावर सांगते."
"सुनीता, मॅचचा आणि घराचा काय संबंध?"
उशीर होतोय म्हटलं, पिशवी उचलली.
हरलो. शेवटचा बॉल बोटांना लागून आत गेला. डेबीने मिठी मारली, "नेक्स्ट सीझन, ओके?" मान हलवली. हो की नाही, तिलाही कळलं नसेल.
घरी मुक्ताने न सांगता चहा केला. साखर जास्त. मी विचारलं, "तुला इथे राहायचंय की यान्बूला?"
तिने कप खाली ठेवला. मग सरळ मराठीत, "आई, तुला कुठे राहायचंय?"
लग्नानंतर नागपूर, मग दम्माम, मग इथे. हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. पटकन रडू आलं, मूर्खासारखं.
उत्तर द्यायच्या आत फोन. यांचाच. वाजून थांबला.
पुन्हा वाजतोय. मुक्ता माझ्याकडे बघत उभी आहे, उचलत नाही. मीही नाही; आधी तिला उत्तर द्यायचंय.